वरचे दोन बर्थ

केबिनचं दार उघडून बॅगा आत घेतल्या तेव्हाच ते दिसले. दोन्ही पलंगांच्या वर, भिंतीत मिटवून ठेवलेले दोन बर्थ. रेल्वेच्या डब्यातल्या मधल्या बर्थसारखे, फक्त जास्त चकचकीत, आणि कुलूपबंद. पाच मिनिटांत केबिनची देखभाल करणारा मुलगा आला. कमरेच्या जुडग्यातली चौकोनी किल्ली हातात तयारच होती. "मॅडम, ऊपर के बर्थ अभी खोल दूँ, या बच्चे सोने आएँगे तब?"

"बच्चे नहीं हैं. हम दोनों ही हैं," मी म्हटलं.

त्यानं हातातल्या कागदावर नजर फिरवली, मान डोलावली, किल्ली परत कमरेला अडकवली आणि पलंगावरचे जादाचे दोन छोटे टॉवेल उचलून घेऊन गेला.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी विषय दिला होता 'कुटुंब'. मी वृद्धाश्रम सुचवला नाही, एकत्र कुटुंबाचं वाटपही नाही. म्हटलं, आम्ही दोघं नाताळच्या सुट्टीत मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझवर जातो. शाळा बंद असताना मुद्दाम, म्हणजे जहाज घरादारांनी भरलेलं असेल. आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली. मूल नाही. सुरुवातीला व्हावं म्हणून बरीच वर्षं डॉक्टरांच्या पायऱ्या झिजवल्या, नंतर एका संध्याकाळी दोघांनी बसून ठरवलं की आता पुरे. त्या निर्णयाचं दुःख संपलं असं म्हणणार नाही, पण त्यावर आमचं एक चांगलं घर उभं राहिलं. त्या घराला मुलांसाठी मांडलेल्या जागेत नेलं तर काय होतं, ते मला पाहायचं होतं.

फॅमिली की हनिमून

पहिली अडचण पुण्यातच आली. ज्याच्याकडे बुकिंग केलं त्यानं फोनवर विचारलं, "मॅडम, फॅमिली टाकू की हनिमून?" मी म्हटलं, "दोघं जण." तो म्हणाला, "हो, पण पॅकेज कशात बसवू?" आपल्याकडे सहलींचे साचे ठरलेले आहेत. फॅमिली टूर, हनिमून, फक्त महिलांसाठी, ज्येष्ठ नागरिकांसाठी. पन्नाशीला टेकलेल्या, मुलं नसलेल्या जोडप्याला यातला एकही अंगाला बसत नाही. त्या माणसाचा हेतू वाईट नव्हता. त्यानं त्याच्या मनानं हनिमून टाकलं, आणि जहाजावरच्या पहिल्या संध्याकाळी केबिनमध्ये नवदांपत्याचं अभिनंदन करणारा केक आला. मला त्या क्षणी वाईट वाटलं, हे लिहायलाच हवं. चूक लहान होती, पण तिच्यामागे एक समजूत होती, की दोघंच असणं ही लग्नानंतरची पहिली काही वर्षं, आणि पुढं काही तरी व्हायचं राहिलेलं आहे.

नवऱ्यानं केक कापला. त्याला आठवण झाली ती त्याच्या आजोबांची. ते म्हणायचे, "आमचं कुटुंब माहेरी गेलंय." म्हणजे आजी. त्या पिढीच्या मराठीत कुटुंब म्हणजे बायको. पुढं सरकारी नोकरीत बदलीच्या गावी माणूस रुजू झाला की लोक विचारायचे, "फॅमिली आणली का?" त्याचाही अर्थ तोच. दोन माणसांत कुटुंब पुरं होत होतं, इतका तो शब्द साधा होता. मुलं धरूनच कुटुंब मोजायची सवय आपल्याला नंतर लागली असावी. कुटुंब नियोजनाच्या भिंतीवरच्या चित्रांतही दोघं कधी नुसते नव्हते, शेजारी मुलगा-मुलगी होतीच.

जहाज माणसं कशी मोजतं

क्रूझचा धंदा आतून कसा चालतो ते समजून घ्यायला लागले तेव्हा एक गोष्ट कळली आणि मी चकित झाले. जहाजाच्या हिशेबाचा पाया मुलं नाहीत, आईबाप अधिक मुलंही नाहीत. पाया आहे जोडपं.

भाडं माणशी सांगतात, पण त्यात एका केबिनमध्ये दोघं हे धरलेलं असतं. एकटा माणूस गेला तर बहुतेक वेळा रिकाम्या पलंगाचंही भाडं, सगळं नाही तरी बरंचसं, त्याच्याच माथी बसतं. तिसरा आणि चौथा त्याच केबिनमध्ये मावले तर त्यांना कमी दर. मुलांसाठी तर कित्येकदा नुसते कर आणि बंदराचे आकार घेतात. जहाज किती भरलं हेही असंच मोजतात. दर केबिनला दोन माणसं म्हणजे शंभर टक्के. म्हणून क्रूझ कंपन्यांच्या आकड्यांत जहाज शंभराच्या वर भरलेलं दिसतं. वरचं जे काही आहे ते वरच्या बर्थवर झोपलेलं असतं. अमेरिकेत मायामीहून 2024 पासून फिरणारं 'आयकॉन ऑफ द सीज' हे अजस्र जहाज पाहा. दोघांच्या हिशेबानं त्यावर 5,610 प्रवासी, आणि जास्तीत जास्त 7,600. मधला जवळपास दोन हजारांचा फरक म्हणजे तिसरा-चौथा माणूस, आणि सुट्टीच्या दिवसांत त्यांतले बहुतेक शाळकरी.

हा वरचा आकडा मनाला येईल तसा फुगवता येत नाही. लाइफबोटी आणि तराफे यांच्याशी तो बांधलेला असतो. सगळ्याच केबिनचे सगळे बर्थ एका वेळी उघडता येतीलच असं नाही. आमच्या डोक्यावरचे बर्थ मिटलेले राहिले म्हणजे कुणाची जागा वाया गेली, असा सल मला पहिल्या संध्याकाळी होता. हिशेब समजल्यावर तो गेला. जहाजाच्या लेखी आम्ही दोघं पुरते शंभर टक्के होतो.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. काही केबिनना शेजारच्या केबिनमध्ये उघडणारं आतलं दार असतं. मोठ्या घरांची त्यानं फार सोय होते. आजी-आजोबा एकीकडे, नातवंडं दुसरीकडे, दार उघडं. पण शेजारचे तुमचे कुणी नसतील तर ते दार बंद असूनही भिंतीइतकं जाड नसतं. आवाज येतो. जोडप्यानं केबिन घेताना नकाशा मागवावा, तसलं दार नसलेली, लिफ्टपासून दूर, पोहण्याच्या तलावाच्या थेट खाली नसलेली आणि होता होईतो जहाजाच्या मध्यावरची केबिन मागावी. मध्यावर हेलकावा सगळ्यांत कमी लागतो. ज्यांना 'बोट लागते' त्यांच्यासाठी तर हे औषधाहून मोलाचं. मी हे सगळं नंतर शिकले. आमच्या केबिनला ते दार होतं, आणि पलीकडे नाशिकचं एक कुटुंब होतं. तीन केबिन, अकरा माणसं.

बॅलार्ड पियरवरून

आम्ही चढलो ते 'एम्प्रेस'वर, कॉर्डेलिया क्रूझेसच्या जहाजावर. फ्रान्समधल्या सेंट नाझेरच्या गोदीत 1990 मध्ये ते बांधून झालं. तेव्हाचं त्याचं नाव 'नॉर्डिक एम्प्रेस'. तीन-चार रात्रींच्या छोट्या सफरी डोळ्यांपुढं ठेवून बांधलेलं हे जहाज. आठवड्याची रजा ज्यांना परवडत नाही, ज्यांच्या घरी शाळा आणि परीक्षा आहेत, अशांसाठीची ही कल्पना. बरीच वर्षं कॅरिबियनमध्ये, मध्यंतरी एका स्पॅनिश कंपनीकडे, आणि 2021 च्या सप्टेंबरपासून ते मुंबईहून निघू लागलं. सुमारे 211 मीटर लांबी. आजच्या अजस्र जहाजांपुढं ते लहान आहे, पण बॅलार्ड पियरच्या धक्क्यावर उभं राहून वर बघताना मान मागं टाकावीच लागते.

निघण्याआधी आणीबाणीची कवायत झाली. सात छोटे भोंगे, एक लांब. सगळ्यांनी आपापल्या ठरलेल्या ठिकाणी जमायचं. इटलीच्या किनाऱ्याजवळ 13 जानेवारी 2012 च्या रात्री 'कोस्टा काँकॉर्डिया' खडकावर आपटून कलंडली. 32 माणसं गेली. त्या संध्याकाळी नव्यानं चढलेल्या प्रवाशांची कवायत अजून झालेली नव्हती. त्यानंतर नियम बदलला, आणि आता कवायत जहाज निघण्याआधी किंवा निघता निघता व्हावीच लागते.

आमच्या रांगेत नाशिकचं कुटुंब होतं. मुलांची लाइफ जॅकेट वेगळी, लहान मापाची. एका सात-आठ वर्षांच्या मुलीचं जॅकेट तिच्या काकानं उलटं बांधलं होतं. ते सोडवून पुन्हा बांधलं तिच्या आजीनं. अठ्ठ्याहत्तरीच्या त्या बाईंची बोटं झरझर चालत होती. बाकीचे फोटो काढत असताना त्या एकट्या खलाशाचं बोलणं कान देऊन ऐकत होत्या. मला 'रामदास' आठवली. 17 जुलै 1947, मुंबईहून रेवसला निघालेली बोट बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांना बोटीवर चढताना ते नाव आठवत नाही असं होत नाही. मी हळूच विचारलं, "तुम्ही कोकणातल्या का?" त्या म्हणाल्या, "माहेर मालवण. ओळखलंस होय?"

दिवसाच्या भरती-ओहोटी

जहाजावर पहिला दिवस मी चुकीच्या वेळी चुकीच्या जागी होते. दहाला तलावावर, तर पाण्यात पोरंच पोरं. साडेआठला न्याहारीला, तर उत्तप्प्याच्या तव्यापुढं रांग. रात्री आठला लिफ्टपाशी, तर आत तीन मुलं सगळ्या मजल्यांची बटणं दाबून बसलेली. फोटोग्राफर दर वळणावर हाक मारायचा, "फॅमिली फोटो, सब आ जाइए!" आम्ही दोघंच पुढं झालो की तो आमच्या पाठीमागं पाहायचा. बहुतेक टेबलं सहा खुर्च्यांची. दोघांसाठीचं टेबल खांबाआड.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं वहीत वेळा लिहून काढल्या. त्याला तशी सवय आहे, कारखान्यात तो पाळ्या लावतो. सुट्टीतल्या जहाजाला समुद्रासारखीच भरती-ओहोटी असते, हे त्या वहीवरून दिसू लागलं. पहाटे सहा ते आठ वरचा डेक आजी-आजोबांचा. नऊ ते बारा मुलांची भरती. जेवणं झाली की दोन ते चार पूर्ण ओहोटी, मुलं झोपलेली नाही तर त्यांच्या खेळघरात. या वेळी तलावाचं पाणी इतकं शांत असतं की जहाजाच्या डुलण्यानं ते एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे सरकताना दिसतं. चार वाजता चहा आणि भजी, पुन्हा भरती. साडेदहानंतर मुलं गळून पडतात आणि डेक मोठ्यांचा होतो. जगभरच्या क्रूझवर रात्रीच्या जेवणाच्या दोन पाळ्या असण्याची जुनी पद्धत यातूनच आली असणार. पोरंबाळंवाले पहिल्या पाळीला, बाकीचे दुसऱ्या.

एकदा हे लक्षात आलं की जहाज आपलं होतं. आम्ही दुपारी पोहायचो, रात्री उशिरा जेवायचो, आणि भरतीच्या वेळी केबिनमध्ये पुस्तक वाचायचो. पण मला एक गोष्ट कबूल करायची आहे. संध्याकाळचा जादूचा खेळ आम्ही मुद्दाम भरतीच्या वेळचा पाहिला. पुढच्या दोन रांगांत मुलं जमिनीवर बसली होती. जादूगारानं कबुतर काढलं तेव्हा मोठी माणसं हाताकडे बघत होती, मुलं कबुतराकडे. रात्री साडेदहाचा तोच खेळ, फक्त मोठ्यांसमोरचा, मी पाहायला गेले नसते.

आणि आईबाप किती दमलेले असतात! सुरतेची एक तरुण आई दुपारी खेळघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसली होती. म्हणाली, "दोन दिन से समुंदर देखा ही नहीं." मी म्हटलं, "जाऊन या, मी बसते." ती वीस मिनिटं कठड्याशी उभी राहिली. परत आली तेव्हा केस विस्कटलेले आणि चेहरा मोकळा. मुलं असणाऱ्यांना आमचा हेवा वाटतो आणि आम्हांला त्यांचा, असं सगळे समजतात. मला तिथं हेवा दिसला नाही. एकमेकांना वीस मिनिटं देता येतात, इतकंच दिसलं.

जिथं मोठ्यांसाठी वेगळी जागा असते

परदेशातल्या कौटुंबिक जहाजांवर मोठ्यांची आणि मुलांची ही वाटणी वेळांवर सोडत नाहीत, जागाच वाटून देतात. डिस्नेची जहाजं 1998 पासून धावताहेत. मुलांचा स्वर्गच तो. तरीही त्यांवर अठरा वर्षांखालच्यांना मज्जाव असलेला वेगळा तलाव असतो, फक्त मोठ्यांसाठीचं उपाहारगृह असतं, आणि बहामातल्या त्यांच्या 'कास्टअवे के' या बेटावर मोठ्यांसाठी वेगळा किनारा राखलेला आहे. त्या जहाजांवर कॅसिनो नाही, तरी मुलं नसलेली जोडपी त्यांवर हौसेनं जातात. दुसऱ्या टोकाला 'व्हर्जिन व्हॉयेजेस'सारख्या कंपन्या आहेत, ज्यांच्या जहाजावर अठरा वर्षांखालचं कुणी चढूच शकत नाही.

माझं मत विचाराल तर आपल्या किनाऱ्यावर मला दुसरा मार्ग नको. बिनमुलांचं जहाज हवं असं मला या सफरीत एकदाही वाटलं नाही. हवा होता तो दुपारचा एक राखलेला तास, दोन खुर्च्यांची टेबलं खांबाआडून काढून खिडकीशी, आणि बुकिंगच्या वेळी 'पॅकेज कशात बसवू' हा प्रश्न न विचारणारा माणूस.

मालवणच्या आजी

गोवा मी मुद्दामच वगळते. तिथं उतरलो, मासे खाल्ले, संध्याकाळी परत चढलो.

तिसऱ्या दिवशी पहाटे वरच्या डेकवर आजी शाल गुंडाळून बसल्या होत्या. घरचे सगळे झोपलेले. मी शेजारी बसले. त्यांनी लहानपणीची आगबोट सांगितली. मालवणला बोट धक्क्याला लागायची नाही, दूर नांगरून उभी राहायची. माणसं आधी पडावात बसायची. पडाव लाटेवर वर आला की बोटीवरचा खलाशी दंडाला धरून वर ओढून घ्यायचा. "आईनं मला पाठीवर बांधलं होतं. खाली बघू नको म्हणाली. मी बघितलं." मग डेकवर वळकट्या पसरायच्या, ट्रंकांची भिंत करायची, आणि रात्रभर सगळी बंदरं मोजत मुंबई. विजयदुर्ग, मुसाकाजी, रत्नागिरी, जयगड, दाभोळ, हर्णै. केबिन वगैरे श्रीमंतांची. डेकवर कुणाचं कुटुंब कुठं संपतं आणि दुसऱ्याचं कुठं सुरू होतं, ते अंधारात कळायचं नाही. कुणाच्या डब्यातली भाकरी, कुणाच्या बरणीतलं लोणचं.

मग त्यांनी विचारलंच. "मुलं?"

"नाहीत, आजी."

त्या क्षणभर समुद्राकडे पाहत राहिल्या. मी नेहमीच्या पुढच्या वाक्यासाठी मन घट्ट केलं. डॉक्टर, देव, दत्तक, यांतलं एक तरी येतंच. आजी म्हणाल्या, "मग त्या खांबामागं काय जेवता दोघंच? आमच्यात या. एक खुर्ची जास्तच आहे, धाकटा पोरगा टेबलाखालीच असतो."

त्या रात्री आम्ही पहिल्या पाळीला जेवलो, तेरा माणसांत. वरण सांडलं, एकाला पापड हवा होता तो मिळाला नाही म्हणून रडणं झालं, नवऱ्यानं त्या लाइफ जॅकेटवाल्या मुलीला दोन काट्यांवर एक चमचा तोलून दाखवला. नऊला ते सगळे पांगले. आम्ही डेकवर गेलो, दोघंच, आणि कॉफी घेतली. दोन्ही बरं वाटलं.

परतीची रात्र

केबिनमध्ये आलो तेव्हा देखभालीचा मुलगा चादरी बदलत होता. नवरा त्याला म्हणाला, "एक ऊपर का बर्थ खोल दोगे?" मुलानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "इनको सोना है." तो हसला, किल्ली फिरवली, बर्थ खाली आला. त्यानं स्वच्छ चादर घातली, शिडी अडकवून दोनदा ओढून पाहिली.

चार भावंडांत नवरा सगळ्यांत धाकटा. कोल्हापूरच्या गाडीत वरचा बर्थ त्याच्या वाट्याला कधी आलाच नाही. तो शिडी चढून गेला, बर्थ कुरकुरला, आणि थोड्या वेळानं अंधारातून आवाज आला, "अगं, इथून खिडकीतून बाहेरचं दिसतं. खालून नुसतं आभाळच दिसत होतं."

"काय दिसतंय?"

"किनाऱ्याचा दिवा आहे एक. फिरणारा."

प्रत्येक दीपगृहाच्या प्रकाशाला वेगळी चाल असते, किती झोत आणि मधे किती सेकंद अंधार, त्यावरून खलाशी बंदर ओळखतो. नवरा मोजू लागला. एक, दोन, आणि थांबायचा. मी खाली पडल्या पडल्या घड्याळाच्या काट्यावर सेकंद धरले. आमचं दोनदा चुकलं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. कोणतं बंदर ते ठरेना.

मधल्या दाराच्या पलीकडे धाकटा पोरगा रडत उठला. मग आजींचा आवाज आला, झोपेतला, जड, पाठीवर थापटल्याच्या तालात. "हं, हं. बोट हलते आहे. दुसरं काही नाही."

"तू मोज," नवरा वरून म्हणाला. "मी ऐकतोय."